पाच सेकंद कुणाचे? क्लस्टरमधल्या डीएनएस बिघाडाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

२०१९ चा ऑगस्ट. पुण्यातली बस तिकीट आरक्षणाची एक मध्यम आकाराची कंपनी. तिच्या प्लॅटफॉर्म टीममध्ये मी तेव्हा होतो. गणपती त्या वर्षी २ सप्टेंबरला बसणार होते. चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, मालवण अशा सगळ्या गाड्यांसाठी आधीचे तीन आठवडे नुसती झुंबड असते. त्या दिवसांत आमच्याकडे एकच नियम असायचा: चालत्या गाडीला हात लावायचा नाही.

क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मशिनांचा गट, कुबरनेटीस १.१५ चा; या मशिनांवर प्रोग्रॅम वाटून चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे कुबरनेटीस. भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेली आमची स्वतःची १४ मशिनं (म्हणजे नोड), त्यांवर उबुंटू १८.०४ आणि ४.१५ चा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा). नोडची इमेज (सगळं बसवलेला तयार साचा) वर्षभरापूर्वी एकदा बनवली होती. ती चालली म्हणून तशीच राहिली. पॅच लावायचे ते ‘सीझन संपल्यावर’, आणि आमच्या धंद्यात उन्हाळी सुट्टी, गणपती, दिवाळी असा एक सीझन संपेस्तोवर पुढचा दारात उभा असतो.

या गोष्टीत तीन सेवांचा संबंध आहे. भाडं आणि पेमेंट बघणारी सेवा पीएचपीत, डेबियन या लिनक्सच्या इमेजवर. तिकिटाचा एसएमएस पाठवणारी नोड.जेएसमध्ये, अल्पाइन या छोट्या लिनक्सवर. आणि सीट काही मिनिटं रोखून ठेवणारी गोमध्ये. भाषांची ही खिचडी कुणी ठरवून केलेली नव्हती. ज्याला जे येत होतं त्यानं ते वापरलं. पुढे तपासात हीच खिचडी कामी आली.

अडचण

पहिली तक्रार कॉल सेंटरकडून आली. ‘पैसे भरा’ दाबलं की चाक फिरत बसतं. लोक काय करतात? पुन्हा दाबतात. दुसऱ्यांदा दाबलं की दुसरी विनंती जायची आणि पहिल्या विनंतीनं रोखलेली सीट त्याच माणसाला ‘उपलब्ध नाही’ म्हणून दिसायची. एका गृहस्थांचा फोन मी स्वतः ऐकला: “अहो, बारा नंबर मीच धरला आणि मलाच सांगताय बारा नंबर गेला? मग नेला कुणी?”

आमच्या मोठ्या स्क्रीनवर मात्र सगळं ठीक. पेमेंटच्या पानाचा सरासरी वेळ एरवी २४० मिलिसेकंदांच्या आसपास असायचा, तो २९० झाला होता. सीझन आहे, गर्दी आहे, चालायचंच, असं आम्ही म्हटलं. साधा हिशोब कुणी केला नाही: शंभरातल्या एका माणसाला पाच सेकंद ताटकळत ठेवलं तर सरासरीत जेमतेम ५० मिलिसेकंदांची भर पडते. नव्व्याण्णव जणांचा आराम त्या एकाचा खोळंबा गिळून टाकतो.

चुकलेले तीन दिवस

पहिल्या दिवशी आम्ही पेमेंट गेटवेला जबाबदार धरलं. जरा तिखटच मेल गेला. संध्याकाळी त्यांचं शांत उत्तर आलं: तुमची विनंती आमच्याकडे पोचल्यापासून १८० मिलिसेकंदांच्या आत आम्ही उत्तर देतोय, तुमच्याकडून ती नेमकी किती वाजता निघाली ते कळवा. आमच्याकडे याचं उत्तर नव्हतं. आमच्या लॉगमध्ये ‘कॉल सुरू’ आणि ‘कॉल संपला’ एवढ्या दोनच वेळा नोंदल्या जायच्या. मधल्या काळात नाव शोधणं (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता मिळवणं), जोडणी, टीएलएस (सुरक्षित जोडणीची बोलणी), प्रत्यक्ष उत्तर यांतलं कुठे काय घडलं, काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी डीएनएसचं, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचं, नाव काढलं. क्लस्टरमध्ये हे काम करणाऱ्या कोअरडीएनएसचे दोन पॉड होते (पॉड म्हणजे प्रोग्रॅमची एक चालती प्रत), आम्ही सहा केले. खरं तर त्या दोघांचा सीपीयू कधी तापलाच नव्हता. गाडी बंद पडली की आधी टायरला लाथ मारून बघतात, तसला तो प्रकार. फरक शून्य.

तिसऱ्या दिवशी मी पेमेंटच्या पॉडमध्ये शिरलो आणि डिग कमांडनं गेटवेचं नाव ५०० वेळा विचारलं. पाचशेच्या पाचशे उत्तरं काही मिलिसेकंदांत. मी फळ्यावर मार्करनं लिहिलं, ‘डीएनएस निर्दोष’. अधोरेखितही केलं. या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय तोच, कारण त्यानंतर दीड दिवस कुणी तिकडे फिरकलं नाही.

वळण

टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीला आम्ही संथ विनंत्यांची यादी काढायला बसवलं होतं, खरं सांगायचं तर तिला काहीतरी काम द्यायचं म्हणून. तिनं सरासरी काढलीच नाही. प्रत्येक संथ विनंतीचा वेळ एका खाली एक मांडला आणि मला हाक मारली.

“सर, यात तीन सेकंदांची एकही नाही. चारचीही नाही. सगळ्या पाच आणि वर थोडं. असं कसं?”

“आणि एसएमएसची सेवा?”

“तिथे अडीच. सगळ्या अडीच.”

“सीटवाली?”

“तिच्यात संथ अशी विनंतीच नाही.”

गर्दीमुळे उशीर होतो तेव्हा तो पसरट असतो. कुणाला एक सेकंद, कुणाला चार, कुणाला सात. उशीर दर वेळी एकाच आकड्यावर येऊन थांबत असेल तर कुठेतरी कुणीतरी घड्याळ लावून वाट बघतंय. मग प्रश्न उरतो तो एवढाच की हे घड्याळ कुणाचं?

डेबियनमध्ये नावं शोधण्याचं काम जीलिबसी ही लायब्ररी करते. उत्तर आलं नाही तर ती मूळ सेटिंगप्रमाणे ५ सेकंद थांबते आणि पुन्हा विचारते. अल्पाइनमध्ये जीलिबसी नसते, मसल असते. मसल त्याच ५ सेकंदांना प्रयत्नांच्या संख्येनं, म्हणजे २ नं भागते आणि अडीच सेकंदांनी पुन्हा विचारते. गोचा रिझॉल्व्हर, म्हणजे नाव शोधणारा भाग, स्वतःचा. तीन सेवांचे तीन आकडे तीन रिझॉल्व्हरांना चपखल बसत होते. मी गुपचूप जाऊन फळा पुसला.

मग डिगला काही का दिसलं नाही? डिग एका वेळी एकच प्रश्न विचारतो: या नावाचा ‘ए’ रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही४ पत्ता काय? खरे प्रोग्रॅम दोन विचारतात, ‘ए’ आणि ‘क्वाड-ए’, कारण त्यांना आयपीव्ही६ पत्ताही हवा असतो. बिघाड त्या जोडीत होता आणि मी एकेकट्याला तपासत बसलो होतो.

पुरावा

आता आम्ही त्याच पॉडमधून कर्ल ही वेब-विनंती पाठवणारी कमांड हजारदा चालवली आणि फक्त नाव शोधायला लागलेला वेळ छापला. ०.००४, ०.००४, ०.००५, ०.००४ अशी रांग चालू असता मध्येच ५.०१. हजारात अकरा वेळा. खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. बिघाड हुकमी दाखवता आला की निम्मी लढाई सरते.

पुढे दोन खिडक्या. एकीत पॉडच्या बाजूचा टीसीपीडम्प (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारी कमांड), दुसरीत कोअरडीएनएसच्या बाजूचा. पॉडकडून दोन पॅकेटं एकाच पोर्टवरून (म्हणजे एकाच दारातून), काही मायक्रोसेकंदांच्या अंतरानं निघाली. कोअरडीएनएसकडे एकच पोचलं. त्याचं उत्तर लगेच परत आलं. दुसरं पॅकेट त्या नोडच्या बाहेरच पडलं नव्हतं.

शेवटचा धागा नोडवर सापडला. कॉनट्रॅकची, म्हणजे कर्नलच्या जोडण्यांच्या वहीची, आकडेवारी काढली की प्रत्येक सीपीयूसाठी एक ओळ येते, आणि त्यात ‘इन्सर्ट फेल्ड’ (नोंद फसली) नावाचा एक रकाना असतो. आम्ही एका खिडकीत कर्ल लावलं, दुसरीत हा रकाना धरून बसलो. ५.०१ आलं की इथला आकडा वाढायचा. हे जवळजवळ वीस मिनिटं बघत बसलो. तेवढ्याची गरज नव्हती, पण डोळ्यांना खात्री पटत नव्हती.

नेमकं काय होत होतं

पॉडला डीएनएसचा जो पत्ता दिलेला असतो तो एका सेवेचा आभासी पत्ता असतो. तिथे खरं कुणी बसलेलं नसतं. नोडवरचे आयपीटेबल्सचे नियम पॅकेटचा पत्ता बदलून ते कोअरडीएनएसच्या कुठल्यातरी एका खऱ्या पॉडकडे वळवतात आणि ही अदलाबदल कर्नल कॉनट्रॅकच्या वहीत लिहून ठेवतो, म्हणजे उत्तर परत येताना ते कुणाचं हे कळतं.

घोळ असा की वहीतली नोंद पॅकेट आत येताना कच्ची होते आणि बाहेर पडताना पक्की. जीलिबसी ‘ए’ आणि ‘क्वाड-ए’ हे दोन्ही प्रश्न एकाच सॉकेटवरून, म्हणजे एकाच पोर्टवरून, पाठोपाठ सोडते. पहिल्याची नोंद पक्की व्हायच्या आत दुसरं आत शिरलं, तर त्याचीही वेगळी कच्ची नोंद होते. पक्कं करायच्या वेळी कर्नलच्या लक्षात येतं की या पोर्टची नोंद तर आधीच आहे. मग तो दुसरं पॅकेट टाकून देतो. दोन पॅकेटांची ही शर्यत. हे प्रश्न यूडीपीनं, म्हणजे पोच न घेणाऱ्या पद्धतीनं, जात असल्यामुळे कुणाला काही कळवायचं बंधन नाही. रिझॉल्व्हर बिचारा दुसऱ्या उत्तराची वाट बघत पाच सेकंद बसतो. गोचा रिझॉल्व्हर दोन प्रश्नांसाठी दोन वेगळी सॉकेटं उघडतो, म्हणून सीटवाली सेवा सुटली.

यात आमच्या पीएचपीची एक खास गंमत आहे, तिच्यावर माझा अर्धा रविवार गेला. जीलिबसी तशी शहाणी आहे. जोडीतलं एकच उत्तर आलं आणि वेळ संपली, तर ती यापुढे प्रश्न एकामागून एक पाठवायचे असं ठरवते. पण हे शहाणपण त्या थ्रेडपुरतं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या त्या एका धाग्यापुरतं, असतं. डेबियनचं लिबकर्ल (वेब-विनंत्या पाठवणारी लायब्ररी) नाव शोधायला दर वेळी नवा थ्रेड काढतं आणि काम झालं की टाकून देतं. म्हणजे ज्यानं चटका खाल्ला तो गेला आणि पुढचा पुन्हा कोरा.

भर म्हणून ‘एनडॉट्स ५’. कुबरनेटीस पॉडला सांगतं की नावात पाचपेक्षा कमी टिंबं असतील तर आधी क्लस्टरची शेपटं लावून बघ. शेपटं तीन. गेटवेच्या नावात टिंबं दोन. म्हणून आधी तीन निष्फळ जोड्या, मग खरी जोडी. एका नावासाठी आठ प्रश्न, आणि प्रत्येक जोडीचं सॉकेट नवं. पॅकेट हरवायची संधी एकाऐवजी चार वेळा.

हा रोग आमचा एकट्याचा नव्हता. कुबरनेटीसच्या गिटहबवर ५६९०३ क्रमांकाचा इश्यू (नोंदवलेली तक्रार) डिसेंबर २०१७ पासून यावरच चालू होता. शीर्षकातच पाच सेकंद होते. पहिल्याच दिवशी तो आकडा डोळ्यांनी पाहून शोधला असता तर दहा मिनिटांत सापडला असता.

समोरचे पर्याय

गणपतीला बारा दिवस उरले होते.

सगळ्यात झटपट सूचना बुकिंगच्या टीमकडून आली: गेटवेचा आयपी पॉडच्या होस्ट्स फाइलमध्ये ठोकून द्या. गेटवेवाले पत्ता बदलताना आपल्याला विचारणार आहेत का, एवढं विचारल्यावर ती सूचना मागे पडली.

दुसरा पर्याय रिझॉल्व्हरला ‘सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ हा पर्याय देण्याचा. मग जीलिबसी दुसऱ्या प्रश्नासाठी नवं सॉकेट उघडते. पॉडच्या डीएनएस कॉन्फिगमध्ये दोन ओळी, एका डिप्लॉयमेंटपुरता (म्हणजे एका सेवेपुरता) बदल, परतीचा रस्ता मोकळा. खोट एकच: मसल हा पर्याय वाचतच नाही, म्हणजे एसएमएसची सेवा तशीच.

तिसरा, एनडॉट्स २ वर आणणं. त्यानं निष्फळ जोड्या वाचतात, शर्यत संपत नाही. नावाच्या शेवटी टिंब देऊनही हेच साधतं, पण एचटीटीपीच्या होस्ट हेडरमध्ये ते टिंब गेलं की समोरचा सर्व्हर काय करेल याचा भरवसा नाही. ते नको म्हटलं.

चौथा, नोडलोकल डीएनएसकॅश. प्रत्येक नोडवर एक छोटा कॅश (आधीची उत्तरं जपून ठेवणारा), पत्ता १६९.२५४.२०.१०. तिथे जाणारी पॅकेटं कॉनट्रॅकच्या वहीत येऊ नयेत असे नियम तो लावतो, आणि कोअरडीएनएसकडे पुढे विचारताना यूडीपीऐवजी टीसीपी (पोच घेणारी पद्धत) वापरतो. शर्यतीला जागाच नाही, मग पॉड अल्पाइनचा असो की डेबियनचा. पण १.१५ मध्ये तो बीटा होता, आणि एका नोडचं सगळं डीएनएस एका पॉडच्या गळ्यात अडकवायचं होतं.

पाचवा, कर्नल. या शर्यतीवरच्या दोन दुरुस्त्या ४.१९ आणि ५.० मध्ये आल्या होत्या. उबुंटू १८.०४ साठी ५.० चा कर्नल ऑगस्टमध्येच उपलब्ध झाला होता. मुळावरचा घाव हाच; पण १४ नोड एकेक करून रिकामे करायचे, रीबूट करायचे, तेही कोकणच्या बुकिंगच्या ऐन मध्यावर.

यावर वाद झाला. आमचा नेटवर्कवाला सीनियर कर्नलच्या बाजूनं होता: “मलमपट्टी करत बसाल, सहा महिन्यांनी पुन्हा इथेच याल.” तो चुकीचं बोलत नव्हता. तरी मी नाही म्हटलं. शंभरात एकाला होणारा खोळंबा घालवण्यासाठी शंभरातल्या शंभरांना धोक्यात घालायची माझी तयारी नव्हती.

केलेली कृती

त्याच संध्याकाळी पेमेंटच्या एका पॉडवर दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र लावला. रात्रभर पाहिलं. सकाळी सगळ्या पेमेंट पॉडांवर. एसएमएसच्या सेवेची इमेज अल्पाइनवरून डेबियन स्लिमवर नेली. इमेज फुगली, त्यावरून थोडी कुरकुर झाली. पण तिलाही तोच पर्याय लागू झाला.

गणपती विसर्जनानंतर नोडलोकल डीएनएसकॅश आधी दोन नोडांवर, मग बाकीच्यांवर. क्युबलेटमधला (नोडवर पॉड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला) डीएनएसचा पत्ता बदलावा लागला, आणि तो फक्त नव्यानं उभ्या राहणाऱ्या पॉडांना मिळतो. हे आमच्यातले दोघे विसरले आणि ‘कॅश चालत नाही’ म्हणून दुपारभर जुन्याच पॉडमध्ये डोकं फोडत बसले. दिवाळी उरकल्यावर, नोव्हेंबरात, कर्नल.

परिणाम

पर्याय लावल्याच्या दुसऱ्या दिवशी पेमेंटच्या आलेखातली पाच सेकंदांची रेघ गेली. सरासरी २४० वर परतली, पण तिच्याकडे आता कुणी बघत नव्हतं. दुबार धरलेल्या सीटांच्या तक्रारी तीन दिवसांत थांबल्या.

नोडलोकलनं मात्र ऑक्टोबरात एकदा हिसका दाखवला. मेमरीची मर्यादा आम्ही नमुना फाइलमधून तशीच उचलली होती. एका नोडवर कॅशचा पॉड मर्यादा ओलांडून मारला गेला. असा अचानक मेलेला पॉड स्वतःचे नियम आवरून जात नाही. पॅकेटं त्याच पत्त्यावर येत राहिली आणि तिथे कुणी नाही. पॉड पुन्हा उभा राहीपर्यंत त्या नोडचं डीएनएस पूर्ण बंद. पूर्वी शंभरातलं एक अडकायचं, त्या काही सेकंदांत शंभरातले शंभर. मर्यादा वाढवली आणि त्या पॉडच्या रिस्टार्टवर अलार्म लावला.

काय वेगळं करता आलं असतं

कोअरडीएनएसचे दोनाचे सहा पॉड केले ते निरुपद्रवी वाटलं होतं. पण ५.० च्या कर्नलनंतरही शर्यतीचा एक प्रकार शिल्लक राहत होता: जोडीतली दोन पॅकेटं दोन वेगवेगळ्या पॉडांकडे वळली तर. दोन पॉड असताना असं व्हायची शक्यता निम्मी, सहा असताना सहात पाच. म्हणजे उपाय म्हणून केलेली गोष्ट उरलेल्या रोगाला खतपाणी घालत होती. नोडलोकल आल्यावर आम्ही पुन्हा दोनावर आलो.

कर्नल आधी की नंतर, यावर मी आजही माझ्या निर्णयाच्या बाजूनं आहे. चूक ऑगस्टमधली नव्हती, जूनमधली होती. उन्हाळा संपला आणि गणपती लागायचे होते तेव्हा चांगले सहा आठवडे मोकळे होते आणि नोडांना कुणी हात लावला नाही.

डिगची चाचणी घेताना मी स्वतःला एवढं विचारायला हवं होतं की जो प्रोग्रॅम अडकतोय तो याच वाटेनं जातो का. तपासायला आता आम्ही तीच लायब्ररी, तीच इमेज, तोच पॉड घेतो.

आणि गेटवेवाल्यांचा तो प्रश्न, तुमच्याकडून विनंती नेमकी किती वाजता निघाली? त्यांना माफीचा मेल लिहिताना त्याचं उत्तर प्रथमच देता आलं, कारण तोवर लॉगमध्ये चार रकाने आले होते: नाव शोधायला लागलेला वेळ, जोडणी, टीएलएस, पहिला बाइट. ते घालायला मला अर्धा दिवस लागला होता.